दाहुतच्या हातातली किल्ली आणि पेण-रोह्याची उघाडी

१/
समुद्राने गिळलेले ईस शहर आणि त्याचे दार उघडणारी ‘पापी’ राजकन्या दाहुत. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली ही कथा ‘गूढ इतिहास’ म्हणून हातोहात फिरते. ती इतिहास नाही, हे एक. दुसरे आणि अधिक गंभीर असे की, समुद्राच्या दारांविषयी ती जे सांगते ते मुळातच चुकीचे आहे. याचा पुरावा रायगड जिल्ह्यात, पेण आणि रोह्याच्या खारेपाटात, बांधांच्या रूपाने उभा आहे. हा धागा त्या पुराव्याविषयी.

२/
प्रथम कथा. दुआर्ननेच्या उपसागरात ईस नावाचे वैभवशाली नगर होते. ते भरतीच्या पातळीखाली वसलेले. भोवती भक्कम बांध आणि बांधाला दारे. दारांची किल्ली राजा ग्रादलॉन गळ्यात घालत असे. त्याची कन्या दाहुत विलासी आणि स्वच्छंदी. एका रात्री प्रियकराच्या नादाने (काही पाठांत हा प्रियकर म्हणजे साक्षात सैतान) तिने निजलेल्या बापाच्या गळ्यातली किल्ली काढली, दार उघडले आणि समुद्र आत आला.

३/
राजा घोड्यावर बसून निघाला. दाहुत त्याच्या पाठीशी. लाटा घोड्याला गाठू लागल्या तेव्हा संत ग्वेनोले याने राजाला बजावले, “पाठीवरचे पाप टाकून दे.” राजाने मुलीला पाण्यात लोटले आणि समुद्र थांबला. दाहुतची जलपरी झाली. राजाने कँपेर येथे नवी राजधानी केली. कँपेरच्या कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांमध्ये घोड्यावरचा ग्रादलॉन आजही दिसतो. त्याच्या घोड्यावर मागे कोणी नाही.

४/
आता कागदपत्रे. संत ग्वेनोलेचे लॅटिन चरित्र नवव्या शतकात लांदेव्हेनेकच्या मठात वुर्डिस्टेन नावाच्या मठाधिपतीने लिहिले. त्यात संत आहे, ग्रादलॉन राजा आहे, दोघांची भेटही आहे. बुडणारे शहर त्यात नाही. दाहुतही नाही. ज्या संताने पुढे राजकन्येला समुद्रात लोटायला लावले, त्याच्या सर्वांत जुन्या चरित्राला ही घटना ठाऊकच नाही.

५/
सुमारे १४८० मध्ये प्येर ल बो या इतिहासकाराने ब्रिटनीचा वृत्तान्त लिहिला. तिथे ईस बुडते, पण रहिवाशांच्या पापांमुळे. म्हणजे दोष साऱ्या नगराचा. किल्ली चोरणारी राजकन्या येथेही नाही.

६/
किल्ली, बाप, मुलगी आणि संत हे सारे एकत्र येतात ते १६३७ मध्ये, आल्बेर ल ग्रां या डॉमिनिकन धर्मोपदेशकाने लिहिलेल्या ब्रिटनीच्या संतचरित्रांत. सगळे घटक असलेला हा पहिला ज्ञात पाठ होय. काळ पाहावा: कॅथॉलिक पंथ ब्रिटनीच्या खेड्यापाड्यांत नव्या जोमाने धर्मप्रचार करत होता. एका नगराचे पाप एका मुलीच्या देहात गोळा झाले ते या सुमारास.

७/
एकोणिसाव्या शतकाने तिला आणखी पक्के केले. १८३९ मध्ये ला व्हिलमार्के याच्या ब्रेटन लोकगीतसंग्रहात ही कथा आली. पुढे ल्युमिने या चित्रकाराने राजा मुलीला घोड्यावरून ढकलतो तो क्षण भल्यामोठ्या पटावर रंगवला. १८८८ मध्ये एदुआर लालोचा ‘ईसचा राजा’ हा ऑपेरा पॅरिसमध्ये रंगमंचावर आला. ऑपेराने राजकन्येचे नाव बदलले, पण दार उघडण्यातला हात तिचाच ठेवला. मत्सर हे कारण तेवढे नवे.

८/
म्हणजे आठशे वर्षांच्या लेखनप्रवासात आधी शहर बुडले, मग नगराचे पाप आले, आणि सर्वांत शेवटी स्त्री आली. जी व्यक्ती सर्वांत उशिरा दाखल झाली तिच्यावरच सगळा दोष ठेवला गेला. ‘प्राचीन दंतकथा’ म्हणून जे पुढे ढकलले जाते, त्यातला मुख्य आरोप हा सतराव्या शतकातला आहे.

९/
शेजारच्या वेल्समध्ये याच्या उलट प्रवास दिसतो. तिथेही एक बुडालेली भूमी आहे: कान्त्रेर ग्वाएलोद. तेराव्या शतकातल्या हस्तलिखितातली कविता मेरेरिद नावाच्या तरुणीला शाप देते. नंतरच्या लोकप्रिय कथेत मेरेरिद मागे पडते आणि दोष जातो सेथेनिन नावाच्या दारुड्या पहारेकऱ्याकडे. एकाच प्रकारच्या पाण्याला दोन वेगवेगळे गुन्हेगार मिळाले. याचा अर्थ पाण्याने गुन्हेगार दाखवला नव्हता. तो सांगणाऱ्यांनी निवडला.

१०/
यावर एक आधुनिक उत्तर तयार असते: दाहुत ही ख्रिस्तपूर्व धर्माची शेवटची पुजारीण होती, चर्चने तिला बदनाम केले. ऐकायला हे न्याय्य वाटते. परंतु जुन्या लेखनात जी स्त्रीच नाही, तिच्या पुजारीपणाचा पुरावा कोठून आणायचा? शिवाय या मांडणीतही किल्ली तिच्याच हातात राहते. खलनायिकेची नायिका होते. बांधाचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

११/
आणि बांधाचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. भरतीच्या पातळीखालची वस्ती बांधावर जगते. बांध कोणी घातला, त्याची डागडुजी कोण करत होते, तिचा खर्च कोण देत होते, आणि कोणत्या वर्षी तो देणे थांबले? ईसच्या एकाही पाठात याचे उत्तर नाही. ज्या भूमीत आजही माणसे अशाच बांधाआड राहतात, तिथे मात्र ही उत्तरे मिळतात. म्हणून पेण आणि रोहा.

१२/
पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात. पण पेण शहराच्या पश्चिमेला, वाशी, शिर्की, वढाव, दादर या गावांच्या बाजूला जमीन एकदम सपाट होते आणि धरमतरच्या खाडीला जाऊन भिडते. हा पेणचा खारेपाट. रोह्याला हेच काम कुंडलिका करते. शहराच्या खाली नदीची खाडी होते आणि दोन्ही काठांना खारी जमीन लागते. खारपाडा, धोंडखार अशी गावांची नावेच ही हकीकत सांगतात.

१३/
मुंबईच्या या किनारपट्टीवर मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. खारेपाटातली पुष्कळ भातखाचरे त्या भरतीच्या पातळीखाली आहेत. मध्ये फक्त मातीचा बांध. ईस हे कल्पनेतले नगर असेल. भरतीच्या पातळीखालचे शेत हे येथील रोजचे वास्तव आहे.

१४/
आता दार. बांधात पाणी जाण्यायेण्याची जी वाट ठेवतात तिला उघाडी म्हणतात. तिच्या खाडीकडच्या तोंडाला झडप असते. भरती चढू लागली की खाडीचे पाणी झडपेला आत दाबते आणि ती मिटते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी झडपेला बाहेर ढकलते आणि ती उघडते. दिवसातून दोनदा मिटणे, दोनदा उघडणे. हे काम समुद्र स्वतःच करतो.

१५/
या दाराला किल्ली नसते. ते कोणी मध्यरात्री चोरून उघडावे असे त्यात काहीच नाही. उलट भर भरतीला पाण्याचा सारा भार झडपेवर असताना ती एका माणसाने उघडायची म्हटली तरी उघडणार नाही. आल्बेर ल ग्रांने किल्ली राजाच्या गळ्यात घातली, कारण त्याला राजसत्तेचे चिन्ह हवे होते. भरतीवर चालणाऱ्या दाराला राजाची गरज नसते. गरज असते ती दरवर्षी झडप, चौकट आणि बांध तपासणाऱ्या माणसांची.

१६/
मग असे दार निकामी कसे होते? लाकूड कुजते. उघाडीच्या तोंडाशी गाळ साचतो आणि झडप पुरती मिटत नाही. खेकडे बांधाला बिळे पाडतात. बोटाएवढ्या बिळातून झिरपणारे पाणी एका उधाणात हातभर वाट करते. खाडीतून जाणाऱ्या बार्जच्या लाटा बांधाचा पाया खातात. शेवटी एका पौर्णिमेला किंवा अमावास्येला बांधाला खांड पडते. यातले प्रत्येक कारण महिनोन्महिने डोळ्यांसमोर असते.

१७/
खांड वेळेवर बुजली नाही तर दर भरतीला ती रुंदावते. खारे पाणी खाचरात उभे राहते, भात जाते, आणि जमिनीत मीठ मुरते. ते धुऊन निघायला बांध पुन्हा घालून पुढचे काही पावसाळे जावे लागतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारी भाताची वाणे दिली आहेत; पण उभ्या भरतीत कोणतेही वाण टिकत नाही.

१८/
आता कथा ज्याविषयी मौन पाळते तो भाग: बांधाचा खर्च. जुन्या कुलाबा जिल्ह्यात खाडीकाठची जमीन बांध घालून लागवडीखाली आणण्याची शिलोत्री नावाची पद्धत होती. शिलोत्रीदार समुद्राकडचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी घेई आणि त्याबदल्यात कुळांकडून बिघ्यामागे ठरलेले भात घेई. याला शिलोत्री मण म्हणत. आतले लहान बांध कुळांनी सांभाळायचे.

१९/
म्हणजे समुद्र थोपवणे हा येथे करार होता. धान्य द्यायचे ते बांध राखण्यासाठी. या व्यवस्थेतले पाप काय असू शकते, हे कोणत्याही संताच्या मदतीशिवाय कळते: मण घ्यायचा आणि बांधावर माती टाकायची नाही. समुद्र आत आला तर विचारायचा प्रश्न ‘राजकन्या कोठे होती?’ हा नव्हे. ‘त्या वर्षीचे भात कोणाच्या कोठारात गेले?’ हा आहे.

२०/
धरमतर खाडीच्या पलीकडे, अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, हा प्रश्न कुळांनी उघडपणे विचारला. १९३३ ते १९३९ या काळात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसण्यास नकार दिला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ज्यांनी माती वाहिली त्यांच्या नावावर शेत नव्हते, ही या संपाच्या मुळाशी असलेली वेदना होती.

२१/
स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा आला. कुळे मालक झाली. हा इतिहासातला मोठा न्याय होता. त्यासोबत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: खोत आणि शिलोत्रीदार गेल्यावर समुद्राकडच्या बांधाचा धनी कोण? एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले ते काम नव्हते.

२२/
उत्तर म्हणून १९४८ मध्येच मुंबई खार जमीन अधिनियम झाला आणि पुढे त्याची जागा महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियम, १९७९ याने घेतली. समुद्र थोपवणे हे शासनाचे काम आहे, असे कायद्याने मान्य झाले. ग्रादलॉनच्या गळ्यातली किल्ली, रूपकाच्याच भाषेत बोलायचे तर, आता शासनाच्या दप्तरात आहे. तिथे ती नोंदवलेली आहे. कोणी चोरलेली नाही.

२३/
तरीही पेणच्या खारेपाटातून बांध फुटल्याच्या बातम्या दर काही वर्षांनी येतात आणि त्यांचे मथळे ठरलेले असतात: ‘उधाणाने बांध फुटला’, ‘निसर्गाचा कोप’. या वाक्यांचे व्याकरण पाहावे. कर्ता उधाण, कर्ता निसर्ग. ज्याने दुरुस्ती करायची होती तो वाक्यात कोठेच नाही. दाहुतची कथा हेच करते. तिथे रिकामी जागा एका मुलीने भरली, इथे चंद्राने.

२४/
आणि उधाण हे काही अवचित येणारे संकट नव्हे. कोळी आणि आगरी माणसे तिथीवरून भरतीची वेळ सांगतात. वर्षभराच्या भरती-ओहोटीची कोष्टके आधी छापून येतात. ज्या दिवसाची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते, त्या दिवसाला ‘कोप’ म्हणणे ही भाषेची चूक नाही. ती सोयीची भाषा आहे.

२५/
बांध फुटून राहिला तर आणखी एक गोष्ट घडते. खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या शेतात तिवरे रुजतात. २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवनाला संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. खाडीकाठचे तिवर लाटांचा जोर मोडून बांधालाच आधार देते. परंतु सातबाऱ्यावर शेत आणि जागेवर कांदळवन अशी अवस्था झाली की शेतकऱ्याची वाट दोन्हीकडून बंद होते. दुरुस्तीला झालेल्या उशिराची किंमत अशी पिढ्यांच्या हिशेबात चुकवावी लागते.

२६/
येथे आक्षेप येईल: दंतकथा ही दंतकथा असते, तिच्याकडून बांधाचे हिशेब कसले मागायचे? मागायचे, कारण दंतकथा दोष कोठे ठेवायचा ही सवय लावते. कर्नाटकातले ‘केरेगे हार’ हे कथनगीत आठवावे: तळ्याला पाणी लागत नाही, म्हणून भागीरथी नावाच्या सुनेचा बळी दिला जातो. अल्बानियातल्या श्कोडर किल्ल्याच्या भिंतीत रोझाफा चिणली जाते. भिंत टिकते ती स्त्रीच्या बळीने, फुटते ती स्त्रीच्या पापाने. गवंडी आणि चुना यांचा उल्लेख नाही.

२७/
कोकणाला स्वतःची उत्पत्तिकथाही आहे: परशुरामाने समुद्र हटवला आणि भूमी वर आली. श्रद्धेचा मान श्रद्धेला. परंतु वीराच्या पराक्रमाने वर आलेली आणि कन्येच्या पापाने बुडालेली, या दोन वाक्यांत किनाऱ्याचा सारा इतिहास बसवला की मधली फावडी, टोपल्या आणि चिखलात उभी राहिलेली माणसे नाहीशी होतात. पेण-रोह्याची खारी जमीन त्या माणसांनी केली आहे.

२८/
म्हणून ईसची कथा जरूर सांगावी. ल्युमिनेचे चित्र पाहावे, लालोचे संगीत ऐकावे. फक्त ‘राजकन्येने शहर बुडवले’ हे वाक्य इतिहास म्हणून पुढे पाठवू नये. १६३७ पूर्वी हा आरोप कागदावर सापडत नाही, आणि भरतीच्या दाराचे काम ज्याने पाहिले आहे त्याला तो पटणारही नाही.

२९/
श्रावणात नारळी पौर्णिमेला खाडीकाठचे कोळी समुद्राला नारळ अर्पण करतात. त्याच पौर्णिमेला उधाण असते, आणि खारेपाटातल्या ज्या शेताला बांधाचा भरवसा नाही, त्या शेताचा धनी बांधावर उभा असतो. तो कोणत्याही जलपरीची वाट पाहत नसतो. मागच्या वर्षी दाखवलेले खेकड्याचे बीळ अजून उघडेच आहे, याकडे त्याचे लक्ष असते. किनाऱ्याचा इतिहास लिहायचा तर त्या बिळापासून सुरुवात करावी लागेल.